समान पगार, असमान शिल्लक

गेल्या भीमजयंतीच्या आधी एक जुना मित्र घरी आला. वसतिगृहात आम्ही एकाच खोलीत राहिलो. पुढे तो पूर्णवेळ कार्यकर्ता झाला, मी प्राध्यापक झालो. वस्तीतल्या मुलांसाठी वाचनालय उभे करायचे होते आणि त्यासाठी पावतीपुस्तक घेऊन तो हिंडत होता. माझ्या नावावर पाच हजारांची पावती फाडायची, असे त्याने मनाशी ठरवूनच ठेवले होते. मी पाचशे रुपये दिले. पावती लिहिता लिहिता तो म्हणाला, "सर, तुमच्या पगाराला हे शोभत नाही." एरवी अरेतुरे करणारा हा मित्र त्या दिवशी मला 'सर' म्हणाला. त्याला काय म्हणायचे होते ते त्या एका शब्दातच आले.

त्याच आठवड्यात मी पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज भरत होतो. त्यात 'घरखर्च वजा जाता दरमहा शिल्लक' असा एक रकाना होता. मी त्यात चार हजार लिहिले. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी ते पाहिले. आम्ही दोघे एकाच वेतनश्रेणीत, नोकरीची वर्षेही जवळजवळ सारखीच. ते म्हणाले, "सर, पगार तर आपला सारखाच. मग तुम्ही पैशाचं करता तरी काय? तुम्हा लोकांना पैसा टिकवता येत नाही, हेच खरं." ते गृहस्थ वाईट नाहीत. माझ्या आजारपणात माझे तास त्यांनीच घेतले होते. पण 'तुम्हा लोकांना' हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला.

एका आठवड्यात दोन आरोप झाले. आपल्या माणसाचा आरोप, मी समाजाला विसरलो. परक्याचा आरोप, मी उधळा आहे. आपल्याकडे शिकून नोकरीला लागलेल्या माणसाला 'दलित ब्राह्मण' म्हणण्याची रीत जुनी आहे, आणि त्या शिवीत काही सत्यही आहे. तरीही हे दोन्ही आरोप एकाच गृहीतावर उभे आहेत. ते गृहीत असे, की पगारातून जगण्याचा खर्च वजा केला की माझ्याजवळ बरेच काही उरते. ते एक तर मी दाबून ठेवतो, नाहीतर उडवतो. मी अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा रागावून बसण्यापेक्षा हे गृहीत तपासून पाहावे, असे मला वाटले.

प्रथम शिल्लक म्हणजे काय ते पाहू. पाठ्यपुस्तकाचे उत्तर सोपे आहे. उत्पन्नातून आवश्यक खर्च वजा केला की उरते ती शिल्लक. तिला महत्त्व एवढ्यासाठी, की पोट पगारावर भरते, पण माणसाची पुढची पिढी शिलकीवर उभी राहते. घर, प्लॉट, मुलांचे उच्च शिक्षण, आजारपणाची तजवीज, नोकरी सोडून दुसरे काही करून पाहण्याची हिंमत हे सारे शिलकीतून येते. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिलेल्या निबंधात बाबासाहेबांनी हेच सूत्र शेतीला लावले होते. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून राहिली की असलेले उत्पन्न खाण्यातच संपते, भांडवल साठत नाही. म्हणून केवळ तुकडे जोडून भागणार नाही, उद्योगधंदे वाढवून जमिनीवरचा भार कमी केला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. एका मिळवत्यावर किती तोंडे आहेत, हा प्रश्न पगारदार घरालाही तितकाच लागू पडतो.

उत्पन्न मोजणे सोपे आहे. खरी अडचण 'आवश्यक' या शब्दात आहे. आवश्यक काय, हे कोण ठरवणार? आणि कोणासाठी आवश्यक?

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला. घर जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडे सरकारने गरिबी मोजायला घेतली तेव्हा मोजमाप अन्नापासूनच सुरू झाले. १९७९ साली खेड्यातल्या माणसाला दिवसाला २४०० आणि शहरातल्या माणसाला २१०० उष्मांक हा आधार धरला गेला. त्यात जगणे होते, शिल्लक नव्हती. दारिद्र्यरेषा ओलांडलेला माणूस उपाशी नाही, एवढेच ती रेषा सांगते. उद्या काम सुटले तर तो किती दिवस उभा राहील, हे ती सांगत नाही.

कामगारांच्या वेतनाचा विचार याहून थोडा पुढे गेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. किमान म्हणजे किती, याचे सूत्र १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरवले. एका कमावत्यामागे तीन उपभोग एकके धरायची: पुरुष १, त्याची पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. डॉ. ॲक्रॉईड यांच्या आहारमानाप्रमाणे अन्न, चौघांच्या घराला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व इतर किरकोळ गोष्टींसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाने १८,००० रुपयांचे किमान वेतन ठरवताना हीच तीन एकके धरली.

हे सूत्र कामगार चळवळीने झगडून मिळवले आहे, त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यातले कुटुंब पुन्हा एकदा मोजून पाहा. नवरा, बायको, दोन मुले. त्यात म्हातारी आई नाही, म्हातारा बाप नाही. नवरा गेलेली बहीण नाही. शिकत असलेला भाऊ नाही. ज्या घरात आधीच्या पिढीला पेन्शन आहे, जमीन आहे, राहते घर आहे, त्या घराला हे सूत्र बेताचे बसते. ज्या घरात मिळवता माणूस पहिल्यांदाच उभा राहिला आहे, त्या घराचा निम्मा भाग या सूत्राच्या बाहेरच राहतो.

आता माझा हिशेब मांडतो. असा हिशेब छापायला संकोच वाटतो, कारण माझ्या बापाने वर्षभर राबून जे पाहिले नाही ते मला महिन्याला मिळते. पण लपवून ठेवले तर मुद्दाच उरत नाही.

भविष्यनिर्वाहाची आणि कराची कपात होऊन हातात ८४,००० रुपये येतात. घरभाडे ११,०००. किराणा, दूध, भाजीपाला १४,०००. गॅस, वीज, फोन ३,५००. दोन मुलांची फी आणि रिक्षा ९,०००. पेट्रोल २,५००. कपडालत्ता, दवाखाना, वरखर्च ५,०००. एकूण ४५,०००. पाठ्यपुस्तकाप्रमाणे आणि १९५७ च्या सूत्राप्रमाणे माझे कुटुंब येथे संपले. शिल्लक ३९,००० रुपये. माझ्या कार्यकर्त्या मित्राच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आहे तो हाच आकडा.

पण माझ्या पगारावर एक चूल नाही, चार चुली पेटतात. गावाकडे माय-बाप आहेत. त्यांचे खाणेपिणे आणि मायच्या साखरेच्या आजाराची औषधे मिळून ९,०००. धाकटा भाऊ पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याची खोली आणि मेस ८,०००. थोरल्या बहिणीचा नवरा वारला, तिला दोन मुली आहेत. तिला ६,०००. शिवाय कर्जाचा हप्ता १२,०००. हे कर्ज कशाचे? गावाकडे दोन पक्क्या खोल्या बांधल्या त्याचे, आणि तासिका तत्त्वावर काढलेल्या सहा वर्षांचे. त्या सहा वर्षांत जेवढे तास घेतले तेवढाच मोबदला मिळे, तोही वेळेवर नाही, आणि सुटीत काहीच नाही. पीएच.डी. झालेला मुलगा उसनवारीवर जगत होता. ती उसनवारी मी आज फेडतो आहे. हे सारे मिळून ३५,०००. राहिले ४,०००.

त्या चार हजारांवर मग लग्न, मयत, वर्गणी, गावाहून दवाखान्यात आणलेला भाऊबंद, असे सगळे येऊन बसतात.

हा कागद मी सहकाऱ्यांपुढे ठेवला आणि त्यांनाही त्यांचा हिशेब मांडायची विनंती केली. त्यांनी तो प्रामाणिकपणे मांडला. राहते घर वडिलांनी बांधलेले, म्हणजे भाड्याचे ११,००० वाचले. गहू, ज्वारी, तुरीची डाळ गावच्या शेतातून येते, म्हणजे किराण्यातले ४,००० वाचले. माझ्याकडून गावाकडे पैसा जातो, त्यांच्याकडे गावाकडून धान्य येते. वडील शिक्षक होते, त्यांना निवृत्तिवेतन आहे, त्यामुळे आईवडिलांच्या औषधपाण्याचा भार मुलावर नाही. कर्ज नाही. बाकी खर्च माझ्याइतकाच धरला, तर त्यांचा खर्च ३०,००० आणि शिल्लक ५४,०००. दोघांच्या शिलकीतला फरक महिन्याला ५०,००० रुपये. वर्षाला सहा लाख. व्याज न धरता दहा वर्षांत साठ लाख. पगारपत्रकावर आम्ही दोघे एका ओळीत आहोत. दहा वर्षांनी त्यांच्या मुलाचे आणि माझ्या मुलाचे नाव एका ओळीत असेल, असे मला वाटत नाही. हिशेब संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, "हे मी असं कधी मांडून पाहिलं नव्हतं."

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्यांनी काही गैर केलेले नाही, मीही काही फार मोठा त्याग केलेला नाही. फरक दोघांच्या स्वभावातला नाही. फरक मागच्या पिढ्यांच्या शिलकीतला आहे. जात आज पगारपत्रकात दिसत नाही, ती शिलकीच्या रकान्यात दिसते.

मागच्या पिढ्यांकडे शिल्लक का नव्हती, हेही पाहिले पाहिजे. माझ्या आजाने गावकी केली. बलुत्यात त्याला रोख पैसा नव्हता. खळ्यावरचे धान्य, दारोदार मागितलेली भाकर आणि मेलेले ढोर, हा त्याचा मोबदला. 'उरलेलं' हा शब्द आमच्या घरात होता, पण त्याचा अर्थ दुसऱ्याच्या ताटात उरलेलं असा होता. दुसऱ्याच्या शिलकीवर जगणाऱ्याला स्वतःची शिल्लक कशी असणार? भाकर साठवता येत नाही, ती दुसऱ्या दिवशी शिळी होते. १८७४ च्या वतन कायद्याने ही गावकी पक्की केली होती. बलुत्याऐवजी रोख मोबदला ठरावा म्हणून १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात जे विधेयक आणले, त्याकडे या नजरेने पाहिले पाहिजे. मानहानी संपवणे हा त्याचा एक भाग होता, आणि ज्यातून काही मागे ठेवता येईल असा मोबदला मिळवणे हा दुसरा. ही कनिष्ठ गावकामगार वतने प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

बापाने गावकी सोडली आणि ऊसतोड धरली. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोने मिळून, म्हणजे एका कोयत्याने, पाचसहा महिने कारखान्याच्या फडात ती फेडायची. पट्टा पडला की हिशेब होई आणि बहुतेक वर्षी काही ना काही अंगावर राही. ती बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळे. आता अशा घराला विचारा, की महिन्याचा आवश्यक खर्च भागवून तुमच्याकडे किती उरते? हा प्रश्नच त्या घराला लागू होत नाही. महिना हे पगारदाराचे माप आहे. ज्याने मजुरी करण्याआधीच मजुरी खाल्ली आहे, त्याचा हिशेब शून्यापासून सुरू होत नाही, उण्यापासून सुरू होतो. माझ्या पहिल्या पगाराचेही असेच झाले. तो यायच्या आधीच खर्च होऊन बसला होता.

हे केवळ माझ्या घराचे रडगाणे आहे काय? सरकारी आकडे पाहू. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीप्रमाणे खेड्यात माणशी दरमहा खर्च ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९ रुपये होता. खेड्यातल्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के, शहरात ३९ टक्के. आता जातवारी पाहा. खेड्यात अनुसूचित जातीच्या माणसाचा खर्च ३,४७४ रुपये, तर अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्ग वगळून जे उरतात त्यांचा ४,३९२ रुपये. शहरात तेच आकडे ५,३०७ आणि ७,३३३. म्हणजे शहरात माणशी दोन हजारांवर फरक. शहरात आले की जात पुसली जाते असे मानणाऱ्यांनी हा फरक खेड्यातल्या फरकाशी ताडून पाहावा.

पण हे आकडे खर्चाचे आहेत, शिलकीचे नाहीत. दवाखान्यासाठी कर्ज काढून केलेला खर्चही त्यात खर्च म्हणूनच दिसतो. म्हणून कर्जाची बाजू सोबत पाहावी लागते. २०१९ च्या कर्ज व गुंतवणूक पाहणीत खेड्यातली ३५ टक्के आणि शहरातली २२.४ टक्के कुटुंबे कर्जात होती, आणि खेड्यातल्या कर्जापैकी सुमारे एकतृतीयांश बँका-सोसायट्यांच्या बाहेरचे, म्हणजे सावकार, ओळखीपाळखीचे असे होते. ज्याला तारण नाही त्याला बँक नाही, आणि ज्याच्याकडे मागची शिल्लक नाही त्याच्याकडे तारण नाही.

यात शासनाची एक गंमत मला कळली. बापाला वृद्धापकाळाचे अनुदान मिळावे म्हणून गावी विचारणा केली. उत्तर आले, "मुलगा प्राध्यापक आहे ना? मग कशाला?" वेतन ठरवताना माझे माय-बाप माझ्या कुटुंबात नाहीत. अनुदान नाकारताना ते माझ्या कुटुंबात आहेत. ज्या मोजमापाने देणे वाढते तेथे कुटुंब लहान, ज्याने देणे टळते तेथे कुटुंब मोठे. त्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली गेली. ज्या काळात आमच्या घरांतली पहिली पिढी नोकरीत शिरत होती, त्याच काळात नोकरीतली सर्वांत भक्कम शिल्लक काढून घेतली गेली.

आता आपल्याकडेही बोट दाखवले पाहिजे. सगळाच पैसा चार चुलींत जातो असे म्हणून सुटका होणार नाही. कर्ज काढून केलेली लग्ने, शेजाऱ्याच्या मोटारीकडे पाहून घेतलेली मोटार, जयंतीत मोठमोठ्या भोंग्यांवर उडालेली वर्गणी, हे आपल्यात आहे आणि वाढते आहे. परंतु हा खर्च टाळूनही माझ्या आणि सहकाऱ्यांच्या शिलकीतले पन्नास हजारांचे अंतर मिटत नाही. काटकसर हा सद्गुण आहे. इतिहासाची भरपाई काटकसरीने होत नाही. भरपाई व्हायची तर मागण्या स्पष्ट हव्यात. वेतनाच्या सूत्रात आई-बाप धरले पाहिजेत. म्हाताऱ्यांचे अनुदान मुलाच्या नोकरीवर अडवता कामा नये. शिष्यवृत्ती वर्ष सरल्यावर नव्हे, फी भरायच्या दिवशी मिळाली पाहिजे, कारण तिला उशीर झाला की घरातली पहिली उसनवारी तेथे सुरू होते. तासिका तत्त्वावर माणसे राबवणे बंद झाले पाहिजे.

आणि माझ्या मित्राच्या आरोपाचे काय? त्याला मी हा सारा हिशेब दाखवून 'बघ, माझ्याकडे काही नाही' असे म्हणू शकतो. तसे म्हणण्याआधी एक गोष्ट आठवते. १९५६ साली नागपूरला दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा द्यावा असे सांगितले. मिळकतीचा, शिलकीचा नव्हे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे शिल्लक नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होते. समाजाचे देणे उरल्यासुरल्यातून द्यायचे नाही, हाच त्याचा अर्थ. उरलेले घेण्याचे दिवस आपण मागे टाकले, मग उरलेले देणे तरी का असावे?

८४,००० चा विसावा हिस्सा ४,२०० होतो. माझ्याकडे उरतात ४,०००. दोनशे रुपये कमी पडतात. या महिन्यापासून मी तो हिस्सा पगाराच्या दिवशीच बाजूला काढतो आहे, आणि दोनशे रुपयांसाठी आठवड्यातून दोन दिवस सायकलने कॉलेजला जातो. वाचनालयाचे राहिलेले साडेचार हजार मित्राला दोन हप्त्यांत पोचतील. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे, की आपापला हिशेब एकदा कागदावर मांडा. त्यात आपल्या पगारावर किती चुली आहेत ते आधी लिहा, आणि मगच कोण उधळा आणि कोण समाजाला विसरला, हे ठरवा.